डोंगरापासून सागरापर्यंत चार पायऱ्या

डोंगर, डांगर, नांगर, नागर, सागर. प्रत्येक पायरीवर एकच जागा बदलली आणि मधला प्रत्येक शब्द अर्थाचा निघाला. डांगर म्हणजे तांबडा भोपळा, नागर म्हणजे शहरी. ही झाली शब्दशिडी. पहिला आणि शेवटचा शब्द दिलेला असतो, मधल्या पायऱ्या आपण शोधायच्या. अक्षरांची उलटापालट करायची नाही, अक्षरांची संख्या बदलायची नाही, आणि विशेषनामे बाद.

हा खेळ रचला लुईस कॅरल या टोपणनावाने लिहिणारे ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी, १८७७ च्या नाताळात. १८७९ पासून तो ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात छापून येऊ लागला. इंग्रजीत ‘एक अक्षर’ म्हणजे काय, असा प्रश्न कोणाला पडत नाही. मराठीत खेळ मांडताना तोच आधी सोडवावा लागतो, आणि उत्तर बदलले की सगळा खेळ बदलतो.

मात्रा-अनुस्वारासकट अख्खे अक्षर ही एक जागा मानली, तर डोंगर आणि सागर यांत फक्त पहिले अक्षर वेगळे आहे. एका उडीत काम संपले. ‘रात’पासून ‘दिस’पर्यंत जायला मध्ये एक ‘रास’ पुरते. दोन अक्षरी शब्दांत या नियमाने फारसा खेळ उरत नाही.

म्हणून काटेकोर नियम घ्यावा. प्रत्येक अक्षराच्या तीन जागा: व्यंजन, स्वर आणि अनुस्वार. ‘डों’ म्हणजे ड, ओ आणि अनुस्वार. ‘सा’ म्हणजे स, आ आणि अनुस्वाराची रिकामी जागा. नुसत्या ‘ग’मध्येही ‘अ’ हा स्वर आहे, तो दिसत नसला तरी मोजायचा. शब्दाच्या सुरुवातीला स्वर असेल तर व्यंजनाची जागा रिकामी धरायची, म्हणजे ‘सागर’ ते ‘आगर’ ही एक पायरी होते. जोडाक्षरांचे मात्र आधीच ठरवून घ्या. ‘ज्ञ’ ही एकच जागा धरली, तर विज्ञान ते विमान एका पायरीत जाता येते. मला हाच नियम बरा वाटतो, कारण जोडाक्षरे फोडली की असे कितीतरी शब्द एकटे पडतात.

आता रात ते दिस पुन्हा पाहा: रात, रास, दास, दिस. तीन जागा वेगळ्या, तीनच पायऱ्या. दोन शब्दांत किती जागा वेगळ्या आहेत त्या आकड्याला ‘हॅमिंग अंतर’ म्हणतात. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये संदेशांतल्या चुका शोधण्यासाठी ते वापरले. यापेक्षा कमी पायऱ्यांत शिडी होऊच शकत नाही.

डोंगर आणि सागर यांतले अंतरही तीनच आहे, तरी पायऱ्या चार लागतात. का, ते करूनच पाहू. आधी ड चा स केला तर ‘सोंगर’. आधी अनुस्वार काढला तर ‘डोगर’. दोन्ही निरर्थक, त्यामुळे स्वर बदलून ‘डांगर’वर येण्याला पर्याय नाही. पुढे ‘सांगर’ किंवा ‘डागर’. पहिला चालू मराठीतला शब्द नाही, दुसरा आडनाव म्हणून बाद. सरळ वाट इथेच संपते. मग वळसा घ्यायचा: ड चा स न करता न करायचा, ‘नांगर’. त्याचा अनुस्वार गेला की ‘नागर’, आणि मग ‘सागर’. ‘न’ सुरुवातीलाही नाही आणि शेवटीही नाही, तरी वाट त्याच्यातूनच जाते. ‘जांगर’ आणि ‘जागर’ घेतले तरी जमते, तेही चारच पायऱ्यांत.

अशा शिड्या मिळून एक जाळे होते. प्रत्येक शब्द म्हणजे एक गाठ, आणि एका जागेचा फरक असलेल्या दोन शब्दांमध्ये एक दोरा. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी इंग्रजीतल्या पाच अक्षरी ५७५७ शब्दांचे असे जाळे विणले. त्यात १४,१३५ दोरे निघाले, म्हणजे प्रत्येक शब्दाला सरासरी जवळपास ५ शेजारी. तरीही ६७१ शब्दांना एकही शेजारी नव्हता. त्यांना क्नुथ ‘अलूफ’ म्हणजे अलिप्त म्हणतात, आणि तो इंग्रजी शब्द स्वतः त्या ६७१ मध्येच आहे.

संगणकाकडून शिडी सोडवून घ्यायची तर आधी शेजारी हुडकावे लागतात. ५७५७ शब्दांची प्रत्येक जोडी ताडून पाहिली, तर सुमारे १ कोटी ६६ लाख तुलना होतात. त्याऐवजी कप्पे करावेत. शब्दातली एकेक जागा झाकायची आणि उरलेल्या भागाच्या नावाच्या कप्प्यात तो शब्द टाकायचा. पहिले व्यंजन झाकले की सागर, घागर, जागर, नागर आणि आगर एकाच कप्प्यात पडतात. ते सगळे एकमेकांचे शेजारी. त्या ५७५७ इंग्रजी शब्दांना, प्रत्येकी पाच जागा धरून, अशा फक्त २८,७८५ नोंदी पुरतात. त्यानंतर थराथराने शोध घ्यायचा: पहिल्या शब्दाचे सगळे शेजारी, मग त्यांचे शेजारी, असे. पाहिलेल्या शब्दावर खूण करायची आणि आपण त्यावर कुठून आलो तेही लिहून ठेवायचे. खूण विसरलात तर शोध गोल गोल फिरत राहतो. शेवटचा शब्द पहिल्यांदा भेटतो तीच सर्वांत आखूड शिडी.

मराठीत इथे हमखास एक गडबड होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, ‘डोंगर’ची पाच चिन्हे आहेत आणि ‘सागर’ची चार, कारण अनुस्वाराला वेगळे चिन्ह आहे आणि नुसत्या ‘अ’ला चिन्हच नाही. चिन्हे मोजणारा प्रोग्रॅम ‘नांगर’ आणि ‘नागर’ यांना वेगळ्या लांबीचे समजून शेजारी मानतच नाही. म्हणून शब्द साठवतानाच तीन-तीन जागांत फोडावा, रिकाम्या जागांसकट. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसतो सारखाच, पण आत चिन्हे वेगळी असतात. ती आधी एकसारखी करून घ्यावीत.

हाताने सोडवताना दोन्ही टोकांकडून या. प्रत्येक शब्दाला ५ शेजारी धरले, तर एका टोकाकडून सहा पायऱ्या जायला कागदावर १५,६२५ वाटा होतात. दोन्हींकडून तीन-तीन पायऱ्या आलात तर १२५ आणि १२५, म्हणजे २५०. आणि ज्या टोकाच्या शब्दाला शेजारी कमी, तिथून सुरुवात करा. अडचण बहुधा तिथेच असते.

हेच जाळे जीवशास्त्रातही आहे. उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रथिनांची उत्क्रांती समजावताना वर्ड, वोअर, गोअर, गॉन, जीन (WORD, WORE, GORE, GONE, GENE) ही इंग्रजी शिडी दिली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचा शब्द, त्याची वर्णमाला २० ‘अक्षरांची’. १०० अक्षरी प्रथिनाला १९०० शेजारी असतात, कारण प्रत्येक जागी १९ पर्याय. बदल एकेक जागेने होत असतील, तर मधले प्रत्येक प्रथिन काम करणारे हवे. निरर्थक पायरीवर थांबण्याची मुभा निसर्गातही नाही. त्यांचा हिशेब असा की १९०० शेजाऱ्यांपैकी सरासरी एकापेक्षा जास्त चालते असतील तरच जाळे दूरवर पसरते. तशा जाळ्यातही सरळ वाट बंद असू शकते. मग एखाद्या जागी आधी तिसरेच अमिनो आम्ल येते आणि पुढे निघूनही जाते, ‘नांगर’मधल्या ‘न’सारखे.