सिक्स्टी थ्रूआउट

दहावी, बारावी (किंवा डिप्लोमा) आणि डिग्री, सगळीकडे किमान ६० टक्के असतील तरच फ्रेशरला, म्हणजे अनुभव नसलेल्या नव्या उमेदवाराला, कंपनीच्या टेस्टला बसू द्यायचं, या अटीला सिक्स्टी थ्रूआउट म्हणतात. कॉलेजात नुसतं क्रायटेरिया. "क्रायटेरियात बसतोस का?" एवढं विचारलं की पुरतं.

आयटी कंपन्यांची घाऊक भरती सुरू झाली तशी ही अट पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मुरली. टीसीएसच्या फ्रेशर भरतीत वर्षानुवर्षं ६० टक्के किंवा ६ सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची दहापैकी सरासरी) हीच लाइन होती, वर लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेले विषय, फार नकोत आणि शिक्षणात मोठा गॅप नको. कारण काय तर अर्ज ढीगभर आणि इंटरव्ह्यू घेणारी माणसं चार. कॉलेजच्या टीपीओकडे (प्लेसमेंट बघणारा अधिकारी) एक्सेल शीट असते, एका ओळीत एक पोरगं, कॉलम दहावी, बारावी, डिग्री, केटी (नापास विषय), फिल्टर लावला की यादी झर्रकन आखूड होते, आणि जे गेले त्यांना कोड लिहिता येतो का हे कुणी विचारलेलंच नसतं.

खरा घोळ 'थ्रूआउट' या शब्दात आहे. डिग्रीला ८ सीजीपीए असला तरी बारावीला ५८ म्हणजे बाहेर, मग त्या वर्षी घरी काय चाललं होतं ते सांगत बसा. सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत तर सरळ लिहिलेलं असतं की ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमी.

बरं, टक्के तरी कुठले? सीबीएसईने ग्रेडच्या काळात सीजीपीएला ९.५ ने गुणायला सांगितलं होतं, तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या हिशोबात आधी ०.७५ वजा करायचे आणि मग १० ने गुणायचं, म्हणजे ६.५ चे एकीकडे ६१.७५ होतात नि दुसरीकडे ५७.५. आपल्या एसएससी बोर्डाचं २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सगळ्यात जास्त मार्कांचे पाचच विषय धरायचे, पण कंपनीने सगळे विषय धरले की तीच मार्कशीट खाली येते. २०२१ला कोरोनात दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला आणि त्यात निम्मं वजन नववीच्या मार्कांना होतं. म्हणजे त्या बॅचच्या नोकरीच्या चाळणीत नववी आली!

याउलट यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसेसला नुसती डिग्री पुरते, टक्के कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये ईवाय या ऑडिट कंपनीने २०१५ साली डिग्रीच्या क्लासची अट काढल्याचं जाहीर केलं. मार्क आणि पुढचं काम यांचा संबंध अगदीच नसतो असं नाही, पण तो फार घट्ट नाही आणि डिग्रीला जितकी वर्षं होत जातात तितका सैल पडतो. माझ्या मते टेस्ट सगळ्यांना देऊ द्यावी, तीही शेवटी कॉम्प्युटरच तपासतो.

मार्क वाढवायला पुन्हा देता येणारी बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा असते, पण ही अट मुलांना खरी कळते ती प्लेसमेंट तोंडावर आल्यावर, आणि कंपनी पहिल्या अटेम्प्टचेच मार्क धरत असेल तर तिचाही उपयोग नाही.