नॅनो-कीटकनाशके

नॅनो-कीटकनाशके : कीड, रोग किंवा तण यांवरील औषध नॅनोमीटरच्या मापातील कणांत, थेंबांत वा कुप्यांत बांधून तयार केलेली पीकसंरक्षक द्रव्ये. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. १ ते १०० नॅनोमीटर ही रूढ मर्यादा इथे फारशी पाळली जात नाही. अनेक कुप्या काहीशे नॅनोमीटरच्या असतात. नाव नवे असले तरी आतले विष बहुधा जुनेच असते. बदलते ते त्याचे वाहन.

फवारलेल्या औषधापैकी फारच थोडे किडीपर्यंत पोहोचते. बाकीचे वाऱ्यावर उडते, पानावरून ओघळते, उन्हाने निकामी होते किंवा पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत जाते. शिवाय बरीच कीटकनाशके पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून त्यांत झायलीनसारखे विद्रावक घालावे लागतात. औषधाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगते ठेवणाऱ्या नॅनो-पायसात हे विद्रावक कमी लागतात.

कुपीचे काम याहून चतुर. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ), सच्छिद्र सिलिका (वाळूतलेच द्रव्य) किंवा चिकणमातीचे पापुद्रे औषधाला उन्हापासून जपतात आणि ते हळूहळू सोडतात. काही आवरणे ठरावीक आम्लतेतच उघडतात. पतंगवर्गीय अळ्यांचे आतडे अल्कधर्मी असल्याने तिथेच फुटणारी कुपी बनवता येते. ब्राझीलमध्ये पॉलिकॅप्रोलॅक्टोन या कुजणाऱ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत भरलेले ॲट्राझीन हे तणनाशक दहापट पातळ करूनही मोहरीच्या रोपांवर प्रभावी ठरले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात तर वाहनावर नेहमीचे विषच नव्हते. चिकणमातीसारख्या पापुद्र्यांवर बसवलेल्या दुपदरी आरएनएच्या (विषाणूच्या जनुकांशी जुळणाऱ्या, त्यांना निष्प्रभ करणाऱ्या रेणूच्या) एका फवारणीने तंबाखूच्या रोपांना विषाणूपासून २० दिवस संरक्षण मिळाले (२०१७).

टिकाऊपणाची दुसरी बाजू नॅनोच्या आधीच दिसली होती. १९७०च्या दशकात मिथिल पॅराथिऑन हे कीटकनाशक सूक्ष्मकुप्यांत भरून विकले जाऊ लागले. हाताळणाऱ्याला ते कमी घातक होते. पण परागकणांएवढ्या त्या कुप्या मधमाश्यांनी परागासोबत पोळ्यात नेल्या, साठवल्या, आणि विष तिथे दीर्घकाळ राहिले. नॅनो-कुप्यांबाबत मोजमापाचीही अडचण आहे : नेहमीच्या अवशेष-चाचणीत औषधाचे एकूण प्रमाण कळते, त्यातले मोकळे किती आणि कुपीबंद किती हे कळत नाही.

आवरणही निरुपद्रवी धरता येत नाही. न कुजणारे पॉलिमर (प्लॅस्टिकसारखे लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ) मातीत प्लॅस्टिकचे कण म्हणून उरतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या अशा कणांवर निर्बंध घातले. पीकसंरक्षक औषधांच्या आवरणांना त्यासाठी ऑक्टोबर २०३१ पर्यंत मुदत आहे.