पार्श्वभूमी : अमेरिकी घराचा सांगाडा आणि त्यावरचे पोशाख

अमेरिकेतल्या घरांच्या शैली सांगताना बहुतेकदा कमानी, खांब आणि रंगांची यादी वाचायला मिळते. पण लाकडी घर कोणत्या काळातले हे ठरवायचे असेल, तर जाणकार आधी माळ्यावर चढून खिळा शोधतात. चारही बाजूंनी निमुळता आणि डोक्यावर हातोडीचे ठसे असलेला खिळा लोहाराने घडवलेला, साधारण १८०० पूर्वीचा. दोनच बाजूंनी निमुळता खिळा यंत्रावर कापलेला, एकोणिसाव्या शतकातला. गोल तारेचा खिळा १८९० च्या सुमारास सर्रास झाला. जुने खिळे काढून पुन्हा वापरले जात, त्यामुळे एकाच खिळ्यावर निकाल देऊ नये. मात्र खिळा आणि लाकूड बदलले की भिंत बदलते आणि भिंतीमागोमाग शैली, हा क्रम चार शतके दिसतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावातले फेअरबँक्स घर १६४० च्या सुमाराचे आहे. उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्या लाकडी चौकटीच्या घरांत ते सर्वांत जुने मानले जाते. तंत्र इंग्लंडचे. ओकचे जाड खांब आणि तुळया, एका लाकडाच्या टोकाला जीभ, दुसऱ्यात खाच आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. इंग्लंडमध्ये खांबांमधली जागा कुडाने भरत आणि पुष्कळ ठिकाणी तो बाहेरून उघडाच ठेवत. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात असा कूड टिकेना, कारण मातीत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि वितळले की गिलावा गळून पडतो. म्हणून वरून आडव्या फळ्या मारल्या गेल्या. वरची कड पातळ, खालची जाड, आणि प्रत्येक फळी खालच्या फळीवर थोडी चढवलेली. अमेरिकी घर म्हणताच डोळ्यांसमोर येणारी आडव्या रेघांची भिंत इथे रुजली.

ऊब धरून ठेवण्यासाठी उत्तरेत धुराडे घराच्या मधोमध असे, तर व्हर्जिनियात उकाडा नको म्हणून ते बाहेरच्या भिंतीला. कुटुंब वाढले की मागे पडवी काढायची आणि छपराचे मागचे पाखे तसेच खाली ओढायचे. या लांब पाख्याच्या घराला सॉल्टबॉक्स म्हणतात. नैर्ऋत्येला न्यू मेक्सिकोत याच काळात कच्च्या विटांची, मातीच्या धाब्याची घरे होती. तिथे पुढे सिमेंटच्या गिलाव्याने फार नुकसान केले. तडा गेला की पाणी आत शिरते, सिमेंटमुळे बाहेर पडत नाही आणि भिंतीचा पाय आतल्या आत विरघळतो. मातीच्या भिंतीला मातीचाच लेप हवा.

अठराव्या शतकातली जॉर्जियन आणि त्यानंतरची फेडरल शैली लंडनहून आलेल्या नमुना-पुस्तकांवर वाढली. मधोमध दरवाजा, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. १८२० नंतर ग्रीक देवळासारखे पांढरे खांब आले आणि घराची त्रिकोणी बाजू रस्त्याकडे वळली. काच मोठी होत गेली तसे एका झडपेतले बारा-नऊ तुकडे सहावर आणि पुढे दोनावर आले.

खरी उलथापालथ १८३० च्या दशकात शिकागोत झाली. करवतीच्या गिरण्यांतून सारख्या मापाचे पातळ लाकूड येऊ लागले आणि खिळे स्वस्त झाले. दोन इंच बाय चार इंचांच्या उभ्या पट्ट्या, मधे सोळा इंच अंतर, पायापासून छपरापर्यंत अखंड, सगळे जोड खिळ्यांचे. याला बलून फ्रेम म्हणत. जुना सांगाडा उभा करायला मुरलेला सुतार आणि गावभरचे हात लागत, हा दोन-तीन माणसे उभा करू लागली. हलक्या सांगाड्याला बुरूज, कोनाडे, बाहेर आलेल्या खिडक्या सहज जोडता येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजलेल्या नक्षीदार क्वीन ॲन शैलीचा सगळा थाट त्यावरच उभा आहे. दोष मात्र मोठा होता. दोन पट्ट्यांमधली पोकळी तळापासून माळ्यापर्यंत सलग असल्याने आग लागली की ती पोकळीच धुराडे होते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक मजल्याला पोकळीत आडवे लाकूड ठोकणे. विसाव्या शतकात प्रत्येक मजल्याची चौकट वेगळी बांधण्याची पद्धत रुळली, तीच आजही चालते. दोन बाय चार म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीचे रंधून उरलेले माप मात्र आज दीड बाय साडेतीन इंच भरते.

१९०० नंतर बंगलो आला. हा शब्द आपलाच, बंगालच्या ओसरीवाल्या घरावरून इंग्रजांनी उचललेला. कॅलिफोर्नियात त्याला बसके छप्पर, रुंद वळचण आणि उघडी दिसणारी वाशांची टोके मिळाली. ही टोके पावसात राहतात आणि तिथूनच कुजतात, म्हणून बंगलो विकत घेताना तिथे टोचणी खुपसून बघावे. सिअर्स कंपनीने १९०८ ते १९४० पर्यंत अशी घरे कॅटलॉगमधून विकली. मापात कापलेले, क्रमांक घातलेले सुटे भाग रेल्वेच्या डब्यातून येत.

पुढची शैली कर्जाने घडवली. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले आणि घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, २० वर्षांच्या कर्जाला सरकारी हमी मिळू लागली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लेविटटाउनमध्ये सुरुवातीला ७५० चौरस फुटांची घरे बांधत सतरा हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी राहू लागली. कृष्णवर्णीयांना तिथे राहू न देणारे कलम सुरुवातीच्या करारांतच होते, आणि या घरांची गोष्ट ते वगळून सांगता येत नाही. तळघर नव्हते. घर उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या थेट काँक्रीटच्या जमिनीत पुरल्या होत्या. नळी गळली की जमीन फोडण्यावाचून इलाज नाही, म्हणून अनेकांनी पुढे त्या बंदच केल्या.

गाडी आली तसे एकमजली रँच घर आडवे पसरले, वातानुकूलन आले तशी पुढची ओसरी गेली. नव्या घराचे सरासरी क्षेत्रफळ १९७३ मध्ये १,६६० चौरस फूट होते, २०१५ मध्ये २,६८७ झाले. त्याच काळात कुटुंब सरासरी तीन माणसांवरून अडीचवर आले. या मोठ्या घरांची छपरे अनेक तुकड्यांची असतात. दोन पाखी आतल्या बाजूला मिळतात त्या खोलगट रेघेत पाला साचतो, बर्फ अडतो, आणि खालचा पत्रा नीट बसवलेला नसेल तर गळती तिथूनच सुरू होते. सॉल्टबॉक्सच्या छपराला पाखी दोनच असत, आणि अशी रेघ एकही नसे.