सुई दवाखान्यातून गावात कशी आली

तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग फसवा असतो. मोठं माणूस तापाने फणफणतं, कण्हतं. पंधरा दिवसांचं लेकरू नुसतं मलूल होतं. अंगावर प्यायचं सोडतं, रडणं क्षीण होतं, हातपाय लुळे पडतात, कधी ताप येण्याऐवजी अंगच गार पडतं. घरचे ‘झोपलंय’ म्हणत राहतात, तोवर जंतू रक्तात पसरतात. मेंदूच्या आवरणापर्यंत गेले, तर वाचलेल्या बाळामागेही झटके नाहीतर बहिरेपणा लागू शकतो.

औषध होतं, पण दवाखान्यात. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. बाळंतीण आणि बाळ काही दिवस खोलीबाहेर निघत नसत, आणि पावसाळ्यात नाला भरला की वाटच बंद.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आधी हात घातला बालकांच्या न्यूमोनियाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईला श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ असं साधन केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटात ६० श्वास भरले, म्हणजे सहावा मणी सरकला, की धोका.

नवजात बाळाचा प्रश्न याहून नाजूक होता. ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून तयार झालेल्या गावातल्याच बाया घरोघर जाऊन बाळाला जेंटामायसिन या जंतू मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शन आणि पातळ औषध देऊ लागल्या. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई द्यायची म्हटल्यावर कोणीही बिचकेल. पण १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले: जंतुसंसर्ग झालेल्या शंभरातली १६.६ बाळं दगावायची, ती २.८ वर आली. एकूण नवजात मृत्यूही ६२ टक्क्यांनी घटले.

२०११ मध्ये घरभेटींची ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. वजन, ऊब, स्तनपान, सगळं घेतलं, सुई मात्र वगळली. माझ्या मते गाभाच मागे राहिला. २०१४ मध्ये केंद्र सरकारने ती सुई उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या हाती दिली, तीही ठरावीक परिस्थितीपुरती. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही, मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नसेल तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा उपचार गावाजवळ करायला मान्यता दिली.