नगरपरिषदेची ई-निविदा : दर बरोबर असूनही पहिल्याच लिफाफ्यात का अडकते?

गटाराचं किंवा रस्त्याचं काम हातचं गेलं की ठेकेदार म्हणतो, दर जास्त पडला. मी ज्यांची कागदपत्रं लावून देतो त्यातल्या नवख्या मुलांचा दराचा लिफाफा बहुतेक वेळा उघडलेलाच नसतो. ती पहिल्या, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांच्या तांत्रिक लिफाफ्यातच बाद झालेली असतात.

ठेकेदार नोंदणी सूचनेत मागितलेल्या वर्गाची आणि मुदतीतली हवी. पॅन, जीएसटी आणि महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर नोंदवलेली वर्ग 3 ची डिजिटल सही, एवढं सगळ्यांकडे असतं.

घोडं अडतं ते काम पूर्ण केल्याच्या दाखल्यावर. गेल्या वर्षी एक मुलगा असा दाखला घेऊन आला. काम चांगलं झालेलं, बिलही निघालेलं. पण दाखल्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख नव्हती आणि सही शाखा अभियंत्याची होती. निविदेत कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा दाखला मागितला होता. ज्यांनी काम करून घेतलं त्यांची बदली झालेली, नवे साहेब म्हणाले, "माझ्या काळातलं काम नाही." चार हेलपाटे घालून मुदत टळली. ज्या कार्यालयाने काम करून घेतलं त्याला साधा दाखला देता येऊ नये, याचा मला अजूनही संताप येतो. म्हणून अंतिम बिलाच्या वेळीच दाखला मागून घ्या. त्यावर कामाचं नाव, कार्यादेशाचा क्रमांक, प्रत्यक्ष झालेली रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख, एवढं असलंच पाहिजे. पोटठेकेदार म्हणून केलेलं काम निविदेत तशी मुभा असेल तरच धरलं जातं.

उलाढालीच्या दाखल्यावर सीएचा यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा आहे का हे पडताळण्याचा क्रमांक बघा. 1 फेब्रुवारी 2019 पासून सीएंना प्रत्येक दाखल्यावर तो घालणं बंधनकारक आहे. जुन्या दाखल्याची झेरॉक्स चालवू नका.

बयाणा रकमेचं, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामत रकमेचं दुखणं वेगळंच. लघुउद्योग म्हणून नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणजे बयाणा माफ, असं अनेकजण धरून चालतात. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणातली ती सवलत केंद्राच्या खात्यांच्या आणि उपक्रमांच्या वस्तू-सेवा खरेदीसाठी आहे. नगरपरिषदेच्या बांधकामाला ती आपोआप लागू होत नाही. निविदेत माफी लिहिली नसेल तर पैसे भरा. नेफ्टने भरणार असाल तर त्याच निविदेसाठी पोर्टलने काढून दिलेलं चलन वापरा आणि निदान दोन दिवस आधी भरा. बँकेतून पैसे गेले, पण पोर्टलवर वेळेत दिसले नाहीत, तर निविदा सादरच होत नाही.

तारखा वाचताना निविदा सादर करण्याची शेवटची तारीख आणि लिफाफा उघडण्याची तारीख यांत घोळ होतो. वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरतात, तुमच्या मोबाइलची नाही. मधेच शुद्धिपत्रक निघतं, ते रोज बघा.

दराची फाइल नाव न बदलता भरा. टक्केवारीच्या निविदेत, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी-जास्त ते सांगायचं असतं तिथे, ‘कमी’ की ‘जास्त’ हा रकाना निवडताना दोनदा बघा. आणि दराचा आकडा चुकूनही पहिल्या लिफाफ्यात जाऊ देऊ नका, त्यावर दयामाया नसते.

शेवटी निविदा ‘फ्रीझ’, म्हणजे पोर्टलवर अंतिम सादर करून पोचपावती काढून ठेवा. नुसतं अपलोड करून उठलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची निविदा पोहोचलीच नव्हती. अपात्र ठरवलंच, तर तांत्रिक मूल्यमापनाचा निकाल पोर्टलवर वाचा आणि दर उघडण्याआधी लेखी हरकत घेऊन आवक क्रमांक घ्या. दर उघडल्यावर कुणी ऐकून घेत नाही.