बेटाचा छोटा प्लांटेड टँक आणि फिल्टरचं भांडण : थोडी पार्श्वभूमी

बडोद्यात फायटर, म्हणजेच बेटा मासा, घ्यायला गेलं की दुकानातले भाई ठरलेलं वाक्य टाकतात, "आने कंई जरूर नथी, बाटलीमां पण रहेशे", म्हणजे याला काही लागत नाही, बाटलीतही राहील. आणि तोच मासा कोणा जाणकाराला दाखवला की तो विचारणार, फिल्टर कुठाय, हीटर कुठाय, मारायला आणलाय का. मधल्या मधे तिसरी जमात तयार झालीये, ती म्हणते माती घाला, झाडं कोंबा, फिल्टर काढून टाका. हे तिन्ही सल्ले वेगवेगळ्या काळातून आलेत आणि आता एकाच टँकवर येऊन भांडतायत.

सगळ्यात जुनं म्हणणं खरं तर तिसरं आहे. १८५० च्या सुमारास लंडनमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या टाकीत दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया नावाचं पाणझाड ठेवून दाखवलं की पाणी न बदलता मासे जगतात. आधी सडलेल्या पानांनी पाणी खराब झालं, मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी ती घाण खाल्ली आणि टाकी स्थिरावली. म्हणजे आज ज्याला क्लीनअप क्रू म्हणतात ते तेव्हाच होतं, आणि फिल्टर नव्हताच. यातूनच 'बॅलन्स्ड अ‍ॅक्वेरियम' ही कल्पना निघाली, झाड ऑक्सिजन देतं, मासा कार्बन डायऑक्साइड देतो, हिशोब फिटला. शंभरेक वर्षं लोकांनी हे डोळे मिटून मानलं. पण झाडं रात्री स्वतःच ऑक्सिजन खातात, आणि टाकीतली वायूंची देवाणघेवाण मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, हे नंतर नीट मांडलं गेलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर बॅलन्सवाली थिअरी जवळपास मोडीत निघाली. तोवर विजेचे एअर पंप आले, खड्यांखाली बसणारा जाळीवाला अंडरग्रॅव्हल फिल्टर आला, आणि झाडं बिचारी शोभेची झाली. आपल्याकडे तर प्लास्टिकचीच. १९९० च्या आसपासचे टँक आठवा, निळे खडे, बुडबुडे सोडणारा डायव्हर, मागे डोंगराचा कागद, माछलीघर म्हणजे हेच.

आता बेटाकडे, कारण खरा गुंता तिथे आहे. मासा मूळचा थायलंडकडच्या उथळ दलदलींतला आणि भातखाचरांतला. आजचं शास्त्रीय नाव १९१० मधलं, पण माणसाने त्याला पाळायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी केली, २०२२ मध्ये जनुकांवरच्या एका अभ्यासाने तर निदान हजार वर्षांपूर्वीपासून असं सांगितलं. सगळं झुंजीसाठी. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं ते नंतरचं कौतुक.

झुंजीचे मासे वेगवेगळे ठेवावे लागतात, एका बरणीत एक, आणि हे जमायचं कारण म्हणजे याच्या डोक्यात गिल्सच्या वर असलेला लॅबिरिंथ अवयव, ज्याने तो वर येऊन थेट हवा घेतो. आपल्याला हे नवल वाटायला नको, मरळ आणि मागूर बाजारात टबात कमी पाण्यात जिवंत असतात तेही हवा घेऊ शकतात म्हणूनच, फक्त त्यांची रचना वेगळी. तर दुकानदाराचं "कंई जरूर नथी" इथून आलंय आणि ते अर्धं खरं आहे, आणि हे अर्धं खरंच सगळ्यात जास्त मासे मारतं असं माझं स्पष्ट मत. लॅबिरिंथने ऑक्सिजनचा प्रश्न सुटतो. अमोनियाचा सुटत नाही. मासा गिल्समधून अमोनिया सोडतच राहतो, बाटलीत तो जाणार कुठे? पूर्वी बरणीत मासे टिकायचे कारण पाळणारे सारखं पाणी बदलायचे, ते बदलणं आपण विसरलो आणि बरणी तेवढी लक्षात ठेवली.

त्यात अमोनिया किती विषारी हे पीएचवर अवलंबून. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. बडोद्यात नळाला आजवाचं किंवा महीचं पाणी आणि सोसायटीत बऱ्याचदा बोअरचं, आणि बोअरचं असेल तर बहुतेक कडकच, आणि कडक पाण्याचा पीएच सहसा जास्त. त्यामुळे बाहेरच्या व्हिडिओत फिल्टरशिवाय मस्त चाललेला टँक बघून इथे तसाच करायचा म्हटलं तर आधी पाणी तपासा, व्हिडिओवाल्याचं पाणी आपलं नाही.

अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया असतात हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच कळलं होतं, पण छंदात "आधी टँक सायकल करा", म्हणजे मासा सोडण्याआधी हे बॅक्टेरिया वाढू द्या, हा मंत्र रुजायला बराच काळ गेला. १९९८ मध्ये तर हेही समोर आलं की टँकमधलं नायट्राइट खाणारे मुख्यतः वेगळेच जंतू आहेत, टँकमध्ये घालायला बाटलीत भरून विकले जात होते ते नव्हेत. आणि लगेच १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका बाईंचं पुस्तक आलं, ज्यातून आजचा मातीवाला टँक निघाला. त्यांचा मुद्दा साधा होता, बरीचशी पाणझाडं नायट्रेटपेक्षा अमोनियाच आधी उचलतात, मग तो बॅक्टेरियाला खायला घालून नायट्रेट करायचं आणि तेच पुन्हा झाडांना द्यायचं हा द्राविडी प्राणायाम कशाला. लोकांनी याचा अर्थ काढला 'फिल्टर वाईट'. तसं नाहीये. पाणी थोडं हलतं राहायला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती झाडांच्या तोंडचा घास पळवणाऱ्या भरपूर बायोलॉजिकल मीडियाला, म्हणजे फिल्टरमधल्या बॅक्टेरिया वाढवणाऱ्या सामानाला.

बेटाच्या बाबतीत कमी फिल्टरला आणखी एक कारण आहे, ज्याचा निसर्गाशी संबंध नाही. रानातल्या बेटाचे पर आखूड असतात. लांब शेपट्या माणसाने निवडून काढल्या, १८० अंश उघडणारा हाफमून तर १९८० च्या दशकातला, आणि तो झालर घेऊन एचओबीच्या (टाकीच्या मागे लटकवायच्या फिल्टरच्या) धारेसमोर पोहूच शकत नाही, कोपऱ्यात दबून बसतो किंवा पर कुरतडतो. म्हणजे आधी आपणच त्याला प्रवाह सोसेना असं केलं आणि मग म्हणतो याला शांत पाणी आवडतं. (आखूड परांचा प्लाकाट बेटा घ्या, अर्धी कटकट वाचते.)

गेल्या दहाएक वर्षांत स्वस्त एलईडी आले, पाण्यातली झाडं कुरियरने यायला लागली, लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या माणसांनी टँक लावले आणि हा प्रकार एकदम पसरला. एक फुटी क्यूब, म्हणजे काठोकाठ २८ लिटर आणि माती-रेती धरून प्रत्यक्ष २० च्या आसपास, तळाला इंचभर चाळलेली बागेची माती, शेणखत नाही, त्यावर इंचभर धुतलेली जाड रेती, हॉर्नवर्ट, वॉटर विस्टेरिया, वर थोडा साल्व्हिनिया. झाडं भराभर वाढणारीच घ्यावीत. अनुबियास आणि बुसे (बुसेफलांड्रा) दिसायला छान, पण हळू वाढतात, त्यांच्या जिवावर फिल्टर काढणं म्हणजे जुगार. आणि साल्व्हिनियाने पूर्ण वर झाकून टाकू नका, बेटाला हवा घ्यायला मोकळी जागा लागते.

नवी माती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, त्यामुळे फिल्टर नाही म्हणजे घाई चालेल असं नाही, उलट जास्त थांबावं लागतं. देशी बदामाची वाळलेली पानं कॉलनीत फुकट मिळतात, थायलंडचे ब्रीडर वापरतात तीच, पण ती टॅनिन देतात, अमोनिया खात नाहीत. हीटरचंही असंच, मे महिन्यात हसू येतं, पण उत्तरायणाच्या थंडीत छोट्या टँकचं पाणी २० च्या खाली जातं आणि बेटाला २४ ते २८ लागतं.

माझा कल लपवत नाही : छोटा स्पंज फिल्टर, एअर पंपला नॉब, बुडबुडे अगदी मोजून. स्पंज म्हणजे झाडं छाटली किंवा एखादं पीक मेलं तर बॅक्टेरियाचा साठा हाताशी राहतो. ज्यांना तेही नको त्यांनी एकच बेटा ठेवावा, दाणे मोजून टाकावेत, अमोनियाचा टेस्ट किट आणावा आणि झाडं खरंच वाढतायत का ते दर आठवड्याला बघावं, वाढ थांबली की त्याच दिवशी थोडं पाणी बदलावं.