बालवाडीतलं स्क्रीनिंग वेगळं आणि निदान वेगळं

बालवाडीत कान, डोळे, बोलणं-वागणं ह्याची तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी दारात दोन प्रकारचे पालक भेटतात, एक ज्यांच्या कागदावर 'रेफर', म्हणजे पुढे तज्ज्ञांना दाखवा, असं आलंय आणि जे रात्रभर झोपलेले नाहीत, आणि दुसरे ज्यांना 'पास' आलंय म्हणजे आता काही बघायलाच नको असं वाटतंय. मी बालवाडीत शिकवते आणि मला दोघांचीही काळजी वाटते, कारण दोघंही स्क्रीनिंगलाच निदान धरून चाललेत.

स्क्रीनिंग म्हणजे चाळण. वर्गातल्या सगळ्या मुलांना, ज्यांना काहीच त्रास दिसत नाही त्यांनासुद्धा, एकच छोटी चाचणी लावायची आणि कुणाकडे नीट बघायला हवं तेवढं बाजूला काढायचं. ट्रेनिंग घेतलेली नर्स किंवा आमच्यासारखी ताईसुद्धा ते करू शकते. निदान एकाच मुलाचं होतं, तज्ज्ञ करतात, वेळ लागतो, पण काय आहे, किती आहे आणि आता काय करायचं हे तिथेच कळतं.

कानाचं बघा. ओएई नावाच्या चाचणीत कानात मऊ टोकाची प्रोब ठेवतात, ती आवाज सोडते आणि आतल्या कानाकडून परत येणारा अगदी बारीक आवाज मोजते, मुलाला काही बोलावंही लागत नाही. आता सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचलं असेल, मळ असेल, नाहीतर मूल रडत असेल तरी मशीन 'रेफर' दाखवू शकतं. ते फक्त प्रतिसाद आला नाही एवढंच सांगतं, का आला नाही हे कान बघून, पडदा नीट हलतो का ते तपासून, गरज पडली तर बेरा (आवाज कानापासून मेंदूकडे नीट पोचतो का ते बघणारी चाचणी) करून डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याचे तज्ज्ञ, ठरवतात.

डोळ्यांच्या बाबतीत मला एक चार वर्षांची मुलगी कायम आठवते. दोन्ही डोळ्यांनी तक्त्यावरची सगळी चित्रं पटापटा सांगितली, डावा डोळा झाकला तरी सांगितली, आणि उजवा झाकला तशी माझा हात ढकलायला लागली, मान वाकडी करून फटीतून बघायला लागली. आईला पटेचना, म्हणाली अहो ताई, ही खाली पडलेला मणीसुद्धा उचलते! उचलायचीच ती, एका डोळ्याच्या जोरावर. मी फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या एवढंच म्हटलं, आळशी डोळा (मेंदू एकाच डोळ्यावर भिस्त ठेवतो आणि दुसऱ्याची नजर कमी राहते) आहे हे ठरवणं माझं काम नव्हतंच. डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घालून नंबर काढला, चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी. हा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका चांगला, साधारण सातव्या वर्षानंतर तो अवघड होत जातो, आणि मूल स्वतःहून कधीच तक्रार करत नाही कारण त्याला तसंच दिसायची सवय असते.

बोलणं-वागणं ह्याचं स्क्रीनिंग बहुतेक प्रश्नावलीनेच होतं. ऑटिझमसाठीची एम-चॅट 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी असते, 20 प्रश्न, हो किंवा नाही, आणि काळजी वाटावी अशा प्रत्येक उत्तराला एक गुण. 3 ते 7 गुण आले तर आधी पालकांशी त्याच उत्तरांवर परत सविस्तर बोलतात, 8 किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे पाठवतात. पण 8 आले म्हणजे ऑटिझम झालाच असं नाही, आणि कुठल्याही ताईने तो शब्द पालकांसमोर निदान म्हणून उच्चारू नये असं मला फार मनापासून वाटतं.

'पास'वाल्यांनो, तो निकाल त्या दिवसापुरता आहे. कानात पाणी पुढच्या महिन्यातही साचू शकतं, नंबर वर्षभरानेही लागू शकतो, आणि चाळणीतून एखादं मूल निसटतंसुद्धा. हाक मारली की वळत नाही, टीव्हीला नाक लावून बसतं, असं काही घरी खटकत असेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. आणि 'रेफर' आलं असेल तर घाबरू नका पण कागद कपाटातही ठेवू नका, त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, जाताना तो कागद न्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते आम्हालाही सांगा, म्हणजे वर्गात त्याला कुठे बसवायचं हे तरी आम्हाला कळेल.